घराण्यात चालणाऱ्या मेंदूच्या आजाराचं जीन कसं शोधायचं: वंशावळ काढण्यापासून रिपोर्ट हातात देईपर्यंत

हंटिंग्टन (हातपाय आपोआप उडतात, स्वभाव बदलतो), स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया म्हणजे एससीए (तोल जातो), कमी वयात येणारा फॅमिलियल अल्झायमर, एएलएस (स्नायूंची ताकद जाते), हे आजार काही घरांमध्ये पिढ्यानपिढ्या चालत येतात. अशा घराचं जीन शोधायचं म्हटलं की आजकाल पहिलं वाक्य ठरलेलं, "एक्झोम पाठवून टाकू". एक्झोम म्हणजे डीएनएतला प्रथिनं बनवणारा भाग वाचायची तपासणी. पाठवा की, पण त्याआधीचं काम नीट झालं नसेल तर हजारो व्हेरियंटची (डीएनएतल्या फरकांची) शीट हातात येते आणि तिचं करायचं काय हेच कळत नाही. माझं स्पष्ट मत आहे की या कामाचा निम्म्याहून जास्त निकाल वंशावळ आणि पेशंटची तपासणी इथेच लागतो, त्यामुळे मी पण तिथेच जास्त वेळ थांबणार आहे. जेनेटिक्स-बायोटेकची मुलं, न्यूरोलॉजीचे रेसिडेंट आणि ज्यांच्या घरातच असा आजार आहे ती माणसं, सगळ्यांसाठी लिहितोय. मुख्य उदाहरण हंटिंग्टनचं घेतो, कारण मॅपिंगची, म्हणजे क्रोमोसोमवर जीनची जागा शोधायची, अख्खी पद्धत या एका आजारात अगदी पहिल्या पायरीपासून बघायला मिळते.

आधी थोडा इतिहास, पुढे सारखा लागणार आहे

१८७२ मध्ये जॉर्ज हंटिंग्टन या २२ वर्षांच्या डॉक्टरने अमेरिकेतल्या लाँग आयलंडवरच्या काही घराण्यांमधला हा आजार लिहून काढला. त्याचे वडील आणि आजोबा त्याच भागात डॉक्टरकी करायचे, त्यामुळे एकाच घरातल्या अनेक पिढ्यांची माहिती त्याला आयती मिळाली. एखाद्याला आजार झाला नाही तर त्याच्या मुलाबाळांमध्येही तो पुढे जात नाही, हे त्याने तेव्हाच नोंदवून ठेवलं, जीन हा शब्दही तेव्हा नव्हता.

पुढे व्हेनेझुएलात माराकायबो सरोवराकाठच्या गावांमध्ये या आजाराची प्रचंड मोठी घराणी आहेत हे तिथले डॉक्टर अमेरिको नेग्रेते यांनी १९५० च्या दशकात ओळखलं, आणि १९७९ पासून नॅन्सी वेक्सलर तिथे जायला लागल्या. त्यांच्या स्वतःच्या आईला हंटिंग्टन होता, म्हणजे हा आजार त्यांना आतून माहीत होता. बारान्कितास, लागुनेतास अशा गावांमधून घरोघर फिरून त्यांच्या टीमने जी वंशावळ उभी केली ती पुढे १८,००० हून जास्त लोकांची झाली, आणि ४,००० हून जास्त रक्ताचे नमुने जमले. त्या जोरावर १९८३ मध्ये जेम्स गुसेला यांच्या टीमने आजाराबरोबर उतरणारी क्रोमोसोम ४ वरची खूण (मार्कर) दाखवली. प्रत्यक्ष जीन हातात यायला मात्र १९९३ उजाडलं.

स्टेप १: आजार नक्की कोणता आणि कोणाला

इथे घाई केली की पुढचं सगळं वाया. घरात सात जण "थरथरणारे" आहेत असं सांगतात, पण त्यातल्या एकाला साधा वयाचा पार्किन्सन, एकाला दारूमुळे तोल जाण्याचा त्रास आणि पाचच जणांना खरा घराण्याचा आजार असू शकतो. मॅपिंगमध्ये एक माणूस चुकीचा "आजारी" धरला तरी खरी जागा हातातून निसटते, त्याचं गणित पुढे दाखवतो. म्हणून प्रत्येक माणूस न्यूरोलॉजिस्टने स्वतः बघितलेला हवा, आणि शक्य असेल तर चालण्याचा, बोटं आपटण्याचा, बोलण्याचा छोटा व्हिडिओ काढून ठेवावा म्हणजे दुसऱ्या तज्ज्ञालाही नंतर दाखवता येतो. सुरुवात कितव्या वर्षी झाली आणि पहिलं लक्षण काय होतं, हे दोन कॉलम कधीच रिकामे सोडू नका.

जे वारले त्यांच्याबद्दल घरच्यांना विचारताना वैद्यकीय शब्द वापरून काही हाती लागत नाही. "कोरिया (हातपाय आपोआप उडणं) होता का" विचारलं तर नाहीच म्हणणार. त्याऐवजी असं विचारा: हातपाय आपोआप उडायचे का, न पिता प्यायल्यासारखे चालायचे का, कप धरताना चहा सांडायचा का, शेवटी गिळायला त्रास व्हायचा का, स्वभाव एकदम चिडका झाला होता का. काही घरांमध्ये उत्तर येतं की त्यांना बाहेरचं झालं होतं, किंवा कोणीतरी करणी केली होती. वाद घालू नका, नेमकं काय दिसायचं तेवढं लिहून घ्या, अशा उत्तरांतूनच कितीतरी खरे पेशंट सापडतात. आत्महत्येबद्दलही हळुवारपणे विचारावं लागतं, हंटिंग्टनमध्ये तो भाग दुर्दैवाने मोठा आहे.

स्टेप २: वंशावळ

खुणा सगळीकडे सारख्याच. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी असेल तर आतून काळा, वारलेल्याला तिरकी रेघ, नात्यात लग्न असेल तर दुहेरी रेघ. ज्या पेशंटपासून सुरुवात केली त्याला बाण.

आपल्याकडे काम करताना काही गोष्टी परदेशी पुस्तकात लिहिलेल्या नसतात. लग्नानंतर बाईचं आडनाव बदलतं, कित्येक घरांत नावही बदलतं, त्यामुळे एकच बाई माहेरच्या वंशावळीत एका नावाने आणि सासरच्या वंशावळीत दुसऱ्या नावाने दोनदा येऊन बसते. प्रत्येक बाईचं माहेरचं नाव, माहेरचं गाव आणि सासरचं गाव, तिन्ही लिहा. घरचे पुरुष वंशावळ सांगताना बहिणी, आत्या, लेकी सरळ वगळतात, "त्या काय, दिल्या घरी गेल्या". जुन्या भाटांच्या, हेळव्यांच्या किंवा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या मिळाल्या तर पिढ्या मोजायला त्या सोन्यासारख्या, पण भर पुरुषांच्या ओळीवरच असतो. आजार मात्र लेकीकडूनही तितकाच पुढे जातो, म्हणून मी नेहमी सांगतो की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ निवांत बसा. कोणाची कितवी बाळंतपणं, कोणतं मूल गेलं, कोण कुठे दिली, हे तिला जेवढं पाठ असतं तेवढं कोणालाच नसतं.

दत्तक मुलांबद्दल आवर्जून विचारा. भाऊबंदांमधून दत्तक घ्यायची पद्धत बऱ्याच घराण्यांत होती आणि कागदावर मुलगा एका घरचा, रक्ताने दुसऱ्या घरचा असतो. मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असेल तर तेही लिहा, रिसेसिव्ह आजारात (आई आणि वडील दोघांकडून दोष आला तरच होणाऱ्या) सगळा शोध त्याच रेघेवरून सुरू होतो. आपल्या भाषेचा इथे फायदा असा की "कझिन" म्हणून भागत नाही, चुलत, आते, मामे, मावस असं बोलण्यातच नातं स्पष्ट होतं.

आणि एक गोष्ट अगदी मनापासून सांगतो. डीएनए आल्यावर कधीकधी कळतं की कागदावरचा बाप खरा बाप नाही. ते टीमच्या बाहेर जाता कामा नये, घरच्यांना दाखवायच्या वंशावळीत तर नाहीच नाही. एका रेघेमुळे कोणाचा संसार मोडू शकतो.

स्टेप ३: आजार कोणत्या पद्धतीने उतरतो

प्रत्येक पिढीत पेशंट, बाप ते मुलगा असा उतरलेला, मुलगे-मुली सारखेच, तर डॉमिनंट (एकाच बाजूने दोष आला तरी पुरतो), हंटिंग्टन आणि एससीए याच गटात, आणि प्रत्येक मुलाला धोका ५० टक्के. आईवडील ठणठणीत, एकाच पिढीत भावंडं आजारी, नात्यात लग्न, असं चित्र असेल तर रिसेसिव्ह. फक्त पुरुष आजारी आणि मुलींमार्फत उतरतोय तर एक्स-लिंक्ड (दोष एक्स क्रोमोसोमवर), उदाहरणार्थ केनेडी डिसीज. आईकडूनच सगळ्या मुलांना, तर मायटोकाँड्रियाचा (पेशीतला ऊर्जा बनवणारा भाग, त्याचा डीएनए आईकडूनच येतो) विचार करा.

पुढच्या पिढीत आजार लवकर येतोय का हे नीट बघा. आजोबांना ५५ व्या वर्षी, वडिलांना ४२ व्या, मुलाला २८ व्या, असं दिसलं तर रिपीट (डीएनएत पुन्हापुन्हा येणारी तीच अक्षरं) वाढणारा आजार असण्याची शक्यता मोठी. हंटिंग्टनमध्ये ही वाढ बापाकडून उतरताना जास्त होते.

स्टेप ४: संमती, मगच सुई

एथिक्स कमिटीची परवानगी आणि घरच्यांना समजेल अशा मराठीत लिहिलेलं संमतिपत्र, हे दोन्ही हातात आल्याशिवाय रक्त घ्यायचं नाही. निरोगी दिसणाऱ्या २५ वर्षांच्या मुलीचं रक्त संशोधनासाठी घेतलं याचा अर्थ तिला तिचं भविष्य सांगायची परवानगी मिळाली असा होत नाही. संशोधनातला निकाल आणि वैयक्तिक निकाल वेगळे आहेत, "कळवा" किंवा "कळवू नका" हा पर्याय तिचा, आणि तो नंतर बदलायचा हक्कही तिचाच. बाप म्हणतो "सगळ्यांचं सांगून टाका डॉक्टर", तरी सांगायचं नाही.

स्टेप ५: नमुने

जांभळ्या टोपीची ईडीटीए ट्यूब, मोठ्या माणसाचं साधारण ५ मिली रक्त. हेपारिनची हिरवी टोपी टाळा, हेपारिन पीसीआरमध्ये (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची पद्धत) अडथळा आणतं. ट्यूबवर नाव नको, कोड लिहा, आणि कोडची यादी वेगळी कुलपात ठेवा. फक्त आजारी लोकांचं रक्त घेऊन परत येऊ नका. निरोगी म्हातारी भावंडं आणि लग्न करून घरात आलेले जोडीदारही हवेत, कोणतं क्रोमोसोम कोणत्या बाजूने आलं हे त्यांच्याशिवाय ठरत नाही.

स्टेप ६: आधी ओळखीची जीन्स तपासा

बऱ्याच घरांचा शोध इथेच संपतो आणि ती आनंदाची गोष्ट आहे. डॉमिनंट अटॅक्सिया असेल तर एससीए १, २, ३, ६, ७, १२ आणि १७ चे रिपीट आधी मोजा. भारतात एससीए २ बराच आढळतो. एससीए १२ तर आपल्याकडे खास लक्षात ठेवायचा, १९९९ मध्ये तो अमेरिकेतल्या जर्मन वंशाच्या कुटुंबात पहिल्यांदा सापडला, पण नंतर उत्तर भारतातल्या अगरवाल समाजात त्याची बरीच घराणी मिळाली. सुरुवात बहुतेकदा हाताच्या कंपाने होते म्हणून वर्षानुवर्षं साधा ट्रेमर समजून गोळ्या चालू राहतात. विदर्भात, खानदेशात स्थायिक झालेल्या अगरवाल कुटुंबात बाप-लेकाला असा कंप दिसला तर ही टेस्ट सगळ्यात आधी सांगा.

आता रिपीट मोजतात कसे ते जवळून बघू. हंटिंग्टनच्या जीनमध्ये सीएजी ही तीन अक्षरं एकापुढे एक येतात. २६ पर्यंत नॉर्मल, २७ ते ३५ मधला पट्टा, ३६ ते ३९ असेल तर आजार होईल किंवा होणारही नाही, आणि ४० किंवा जास्त असेल तर, माणूस पुरेसं जगला तर होतोच. पीसीआरने तो तुकडा वाढवून कॅपिलरी मशीनमध्ये पळवला की लांबीप्रमाणे शिखरं दिसतात. १७ आणि ४४ रिपीट असतील तर दोन शिखरांमध्ये २७ गुणिले ३, म्हणजे ८१ अक्षरांचं अंतर. एकच शिखर दिसलं तर थांबा! दोन्ही बाजूंनी १७ आले असतील, किंवा दुसरा तुकडा इतका लांब असेल की पीसीआरने तो उचललाच नसेल. अशा वेळी रिपीट-प्राइम्ड पीसीआर करायचा, त्यात लांब रिपीट असेल तर शिखरांची उतरत जाणारी लांबलचक रांग दिसते. ही टेस्ट न करता "नॉर्मल" लिहून दिलेला रिपोर्ट मला अजिबात मान्य नाही.

स्टेप ७: लिंकेज

ओळखीचं काही सापडलं नाही आणि घराणं मोठं आहे, तर आता खरं मॅपिंग. कल्पना अशी की पत्ता शोधताना आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग घर, तसं आधी क्रोमोसोम, मग त्यावरचा पट्टा, मग जीन. क्रोमोसोमवर ठिकठिकाणी ओळखीच्या खुणा म्हणजे मार्कर असतात, आणि जो मार्कर घरातल्या प्रत्येक पेशंटबरोबर येतो आणि निरोगी लोकांबरोबर येत नाही, त्याच्या शेजारी कुठेतरी जीन आहे.

योगायोग की खरं, हे लॉड स्कोअर सांगतो. ज्या संततीत मार्कर आणि आजार बरोबर उतरले की तुटले हे ओळखता येतं, तिला इन्फॉर्मेटिव्ह म्हणतात, आणि अशा प्रत्येक संततीमागे, एकदाही तुटले नसतील तर, ०.३ मिळतो. दहा असतील तर ३.०१, आणि ३ म्हणजे हजारास एक, पूर्वापार मान्य झालेली रेघ. आता त्या दहांत एक माणूस चुकून आजारी धरला गेला आणि तो मार्करशी जुळला नाही, तर तोच स्कोअर १.६ वर येतो. खरी जागा समोर असून तुम्ही पुढे निघून जाता. स्टेप १ मध्ये मी इतका का अडून बसलो ते यावरून कळेल.

१९८३ च्या पेपरमध्ये व्हेनेझुएलाचं घराणं आणि एक अमेरिकन घराणं मिळून जी८ या मार्करचा स्कोअर ८.५३ आला होता, त्यात व्हेनेझुएलाचा वाटा ६.७२. अमेरिकन घरात आजाराबरोबर मार्करचा ए प्रकार जात होता आणि व्हेनेझुएलात सी प्रकार. विद्यार्थी इथे हमखास गोंधळतात, पण मार्कर स्वतः आजार करतच नाही, तो फक्त शेजारी आहे, त्यामुळे वेगवेगळ्या घरांत शेजारी वेगळा असू शकतो, एका घरात मात्र एकच हवा.

आता मार्कर म्हणून एसएनपी चिप (डीएनएतले एकेका अक्षराचे लाखो फरक एकदम तपासणारी) वापरतात आणि गणित मर्लिनसारखं सॉफ्टवेअर करतं. सगळ्यात महत्त्वाचं सेटिंग वयाचं. २५ वर्षांचा निरोगी मुलगा "निरोगी" म्हणून भरू नका, त्याला आजार अजून यायचा असेल. एकतर वयानुसार पेनेट्रन्सचे (दोष असलेल्यांपैकी किती जणांना आजार दिसतो याचे) गट करा किंवा फक्त आजारी लोकांवर विश्लेषण चालवा आणि तरुणांना "माहीत नाही" ठेवा. रिसेसिव्ह आणि नात्यातलं लग्न असेल तर होमोझायगोसिटी मॅपिंग करा, म्हणजे पेशंटमध्ये दोन्ही बाजूंनी सारखाच आलेला लांब पट्टा शोधा.

स्टेप ८: पट्टा लहान करा

पुढच्या पिढीत जाताना क्रोमोसोमच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते, ती कुठे झाली त्यावरून सीमा ठरतात. एका पेशंटमध्ये डावीकडचा भाग तुटलेला, तर जीन त्याच्या उजवीकडे, दुसऱ्यात उजवीकडे तुटलेला, तर त्याच्या डावीकडे. निरोगी माणसाच्या अदलाबदलीवर सीमा ठरवायची असेल तर तो माणूस चांगला वयस्कर हवा.

हंटिंग्टनमध्ये नेमके इथेच लोक वर्षानुवर्षं अडकले. जी८ जीनपासून साधारण ४ सेंटीमॉर्गनवर (क्रोमोसोमवरचं अंतर मोजायचं माप) होता, पण काही अदलाबदली सांगत होत्या की जीन क्रोमोसोमच्या अगदी टोकाला आहे आणि काही म्हणत होत्या बराच आत आहे, आणि टोकाला शोधण्यात पुष्कळ कष्ट गेले. शेवटी अनेक घराण्यांमधले पट्टे एकमेकांशी ताडून सामाईक जुना तुकडा बघितला तेव्हा शोध ४पी१६.३ या क्रोमोसोम ४ वरच्या पट्ट्यातल्या सुमारे ५ लाख अक्षरांवर आला. तिथे आयटी१५ नावाने ओळखलं जाणारं जीन मिळालं आणि त्यातला सीएजी रिपीट तपासलेल्या सगळ्या ७५ घराण्यांमध्ये वाढलेला निघाला.

स्टेप ९: सिक्वेन्सिंग आणि चाळणी

आता एक्झोम किंवा जीनोम (अख्खा डीएनए), आणि शक्यतो घरातले दोन लांबचे पेशंट निवडा. चुलत-चुलत नात्यातले दोघे सख्ख्या भावांपेक्षा कितीतरी उपयोगी, कारण त्यांच्यात सामाईक डीएनए कमी आणि त्यामुळे संशयितही कमी. चाळणीचा क्रम साधा आहे: लिंकेजच्या पट्ट्यात आहे का, दोघांत आहे का, नोमॅडमध्ये (जगभरच्या लोकांच्या व्हेरियंटचा डेटाबेस) दुर्मिळ आहे का, प्रथिनावर परिणाम होतो का, मेंदूत ते जीन चालू असतं का. भारतीय माणसासाठी इंडीजीनोम्स हा डेटाबेसही बघाच, दिल्लीच्या आयजीआयबी या संशोधन संस्थेच्या टीमने हजाराहून जास्त भारतीयांचे जीनोम त्यात दिले आहेत. युरोपियन डेटात दुर्मिळ वाटणारा व्हेरियंट आपल्याकडे सर्रास निघू शकतो.

आणि पट्ट्यात काहीच सापडलं नाही तर लिंकेज चुकलं असं लगेच समजू नका. एएलएस आणि फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाची घराणी २००६ मध्येच क्रोमोसोम ९ वरच्या ९पी२१ या पट्ट्यावर मॅप झाली होती, तरी तिथल्या सी९ओआरएफ७२ या जीनचं कोडं २०११ मध्ये सुटलं, कारण दोष इंट्रॉनमधल्या (जीनच्या प्रथिन न बनवणाऱ्या भागातल्या) सहा अक्षरांच्या रिपीटमध्ये होता आणि छोट्या तुकड्यांच्या सिक्वेन्सिंगच्या नेहमीच्या विश्लेषणात तो दिसत नाही. त्यामुळे जीनोम डेटावर एक्स्पान्शन-हंटर हे वाढलेले रिपीट हुडकणारं सॉफ्टवेअर चालवा, आणि पैसे असतील तर नॅनोपोअर किंवा पॅकबायोचं लाँग-रीड (लांब तुकडे सलग वाचणारं सिक्वेन्सिंग) करा.

स्टेप १०: पुरावा

घरातल्या प्रत्येक उपलब्ध माणसात व्हेरियंट आजाराबरोबर जातो का ते सँगर सिक्वेन्सिंगने (एक छोटा ठरावीक तुकडा वाचून) किंवा रिपीट टेस्टने तपासा. मग दुसरं, नातं नसलेलं घराणं शोधा, एका घरावर नवीन जीन जाहीर करण्याची घाई नको. मग पेशी किंवा प्राणी. हंटिंग्टनमध्ये जीनचा फक्त पहिला एक्झॉन (प्रथिन बनवणारा तुकडा), वाढलेल्या रिपीटसकट, उंदरात घातला तरी आजारासारखी लक्षणं दिसतात हे जिलियन बेट्स यांच्या टीमने १९९६ मध्ये दाखवलं.

जो माणूस चित्रात बसत नाही त्याला फेकून देऊ नका. कोलंबियातल्या अँटिओकियाच्या अल्झायमर घराण्यात, ज्यांच्यावर फ्रान्सिस्को लोपेरा यांनी आयुष्य घालवलं, दोष असूनही एक बाई सत्तरीपर्यंत बऱ्यापैकी शाबूत राहिली, आणि २०१९ मध्ये तिच्यात एपीओई जीनचा दुर्मिळ क्राइस्टचर्च प्रकार दोन्ही बाजूंनी मिळाला. औषध शोधणाऱ्यांसाठी ही केवढी मोठी वाट उघडली!

स्टेप ११: निकाल घरापर्यंत

संशोधन लॅबचा निकाल तसाच देऊ नका, मान्यताप्राप्त लॅबमध्ये नवीन नमुन्यावर पक्का करा. आजाराची लक्षणं नसलेल्या सज्ञान माणसाला हवं असेल तरच, आधी समुपदेशन करून, समोर बसवून, सोबत जवळचं माणूस असताना सांगा. फोनवर नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ तर नाहीच. लहान मुलांची भविष्य सांगणारी टेस्ट करायची नाही, भले आईवडील कितीही मागे लागोत. मूल होऊ द्यायचं ठरवणाऱ्या जोडप्याला गर्भाच्या टेस्टचे आणि आयव्हीएफमधल्या भ्रूण तपासणीचे पर्याय सांगा, आणि या टेस्ट पीसीपीएनडीटी कायद्याखाली (गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा) नोंदणी असलेल्या केंद्रातच होतात हेही.

ज्या घरांचं उत्तर निघालं नाही त्यांची फाइल बंद करू नका. उतारवयात येणाऱ्या अटॅक्सियाचं एफजीएफ१४ मधलं जीएए रिपीट २०२२-२३ पर्यंत कोणाच्या यादीतच नव्हतं, आणि २०१५ मध्ये "काही सापडलं नाही" म्हणून परत पाठवलेल्या एखाद्या घराचं उत्तर आज त्याच फ्रीझरमधल्या डीएनएतून निघू शकतं. म्हणून दर एक-दोन वर्षांनी जुना डेटा नव्या यादीवर चालवा, आणि घरातल्या निदान तीन माणसांचे फोन नंबर ठेवा, त्यात एक सासरी गेलेल्या लेकीचा.